कोनं जाऊन पाह्यलं?

चांदूर बाजार, १ ऑगस्ट २०२५

प्रीतम,

जय भीम. आधी 'सप्रेम' लिहिलेलं नाही. विसरले असं समजू नकोस, मुद्दाम लिहिलेलं नाही.

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मी फोनवर भांडणार नाही. बाबांचा नियम तुलाही पाठ आहे: तक्रार लेखी, माफी तोंडी. आपल्या 'पांदण' साप्ताहिकाच्या ओसरीवर कितीही तापलेला माणूस आला तरी त्याला आधी पाणी, मग खुर्ची, मग कोरा कागद. आणि चूक आपली निघाली तर संपादकाने अंक हातात घेऊन त्याच्या घरी जायचं. आपल्या घरातली भांडणंही याच नियमाने झाली. सातवीत असताना 'ताईने माझी सायकल न विचारता नेली' अशी तक्रार तू बाबांना सहीनिशी दिली होतीस. आज माझी पाळी.

पूर्णेकाठच्या एका शाळेचं छप्पर गळतं आणि पोरं वर्गात छत्र्या उघडून बसतात, असं कळलं म्हणून मी गेले. एसटी फाट्यापर्यंतच जाते. पुढच्या चिखलात चपलेचा अंगठा तुटला. ती हातात घेऊन मी शाळेत शिरले, तर मुख्याध्यापकांनी मला पालक समजून दाखल्याचं विचारलं. शुक्रवारी सकाळी बातमी छापली. दुपारी ती तुझ्या 'झटपट वऱ्हाड' पोर्टलवर होती. तुझ्या एआयने माझे शब्द उलटेपालटे केले, आणि पडद्यावरच्या त्या हिरव्या शालूतल्या, कुठेच जन्माला न आलेल्या बाईने बातमी हसत हसत वाचली. बाबा चष्मा पुसून तिच्याकडे बघत राहिले. "हे बाई कोन होय? थ्या शायेत कधी गेली व्हती का?"

मी म्हटलं, ही कुठेच जात नाही.

"मंग कोनं जाऊन पाह्यलं?"

मी तुटकी चप्पल दाखवली. तुला, मला आणि 'पांदण'च्या प्रत्येक बातमीदाराला त्यांनी जन्मभर हा एकच प्रश्न विचारला, आणि आता तो त्या बाईलाही लागू झाला.

तुझा हिशेब चुकीचा नव्हता, हे मान्य आहे. क्लासवाल्यांच्या जाहिराती रीलवर गेल्या, बियाणेवाल्यांच्या ग्रुपवर. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांवर आपलं घर चालायचं; आता त्या शुभेच्छाही फोनमध्येच उगवतात, पुढाऱ्याच्या डोक्यावर यंत्राने चढवलेल्या फेट्यासकट. आपल्या वेबसाइटवर लोक यायचे तेही थांबले. फोनला विचारलं की तोच आपली बातमी वाचून उत्तर देतो, मग आपल्या दारात कोण कशाला येईल? विहीर आपण खणायची आणि पाणी दुसऱ्याच्या वावरात. फेब्रुवारीत तू म्हणालास, एक माणूस, एक खोली, एक यंत्र आणि रोज शंभर बातम्या. मी नाही म्हटलं आणि तू अकोल्याला जठारपेठेत खोली घेतलीस.

तर कळवायचं ते हे, की दसऱ्याचा अंक 'पांदण'चा शेवटचा. ज्या अशोक विजयादशमीला बाबांनी सुरू केला, त्याच दिवशी बंद करू. बाबांना सांगितलं. जुन्या अंकांचा गठ्ठा सोडून पुन्हा बांधत बसले. तुझं नाव तर ते घेतच नाहीत. 'अकोल्याचा' म्हणतात.

उरलेल्या दिवसांसाठी एकच मागणी आहे. आमची बातमी उचलतोस तर खाली 'पांदण'चं नाव तरी टाक.

दीपमाला


चांदूर बाजार, २८ ऑगस्ट २०२५

प्रीतम,

जय भीम. नाव टाकलंस. म्हणजे पत्र वाचलंस. पण मुहूर्त असा साधलास की सांगता सोय नाही.

पोळ्याच्या अंकात आमच्या ओळी अशा होत्या: 'मृगबहार नागरी पतसंस्थेचं जुन्या बाजारातलं कार्यालय सोमवारपासून बंद होत असून कारभार बसस्टँडजवळच्या नव्या इमारतीतून चालेल.' तुझ्या यंत्राने शेपूट कापलं आणि लिहिलं, 'मृगबहार पतसंस्था सोमवारपासून बंद.' वर स्वतःच्या पदरचं 'ठेवीदारांमध्ये चिंतेचं वातावरण' जोडलं. आणि खाली, माझ्याच मागणीप्रमाणे, 'साप्ताहिक पांदणच्या वृत्तानुसार'!

तोवर ठेवीदारांना चिंता नव्हती. बाईने बातमी वाचल्यावर ती झाली. सोमवारी लोक धावत जुन्या कार्यालयावर गेले, तर शटर खाली. मग काय, खातरजमाच झाली. तिथून निम्मे नव्या इमारतीवर आणि निम्मे आपल्या ओसरीवर.

सगळ्यात पुढे खानावळवाल्या मैनाबाई. दहावीला तू त्यांच्याच खानावळीच्या बाकावर अभ्यास केलास. त्यांनी पोरीच्या नर्सिंगच्या फीचे पैसे मृगबहारमध्ये ठेवले आहेत. "तुह्या पेपरात आलं म्हन्ते, बाप्पा. खरं सांग, बुडाली का?" मी पाणी दिलं, खुर्ची दिली. कोरा कागद पुढे केला तर त्यांनी तो भिरकावला. मी अंक उघडून ती ओळ दाखवली. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, छापलेलं कशाला दाखवता, ती नवी इमारत तरी उघडली का? मी पाहिली नव्हती. स्थलांतराची बातमी मी फोनवर घेतली होती.

बाबांनी आतून काठी घेतली. "चूक आपल्या नावानं गेली. चाल."

ऑटोने गेलो. नव्या इमारतीच्या पायरीवर पतसंस्थेचे अध्यक्ष रामराव उभे होते. ते आत गेले असते तर लोकांना वाटलं असतं पळाले, म्हणून बिचारे उन्हातच उभे. बाबांना बघून त्यांचा चेहराच उतरला. "देवमनभाऊ, तुमी बी?"

"पैसे काढाले नाही आलो, रामराव. आमच्या नावानं तुमचं नुकसान झालं, माफी मांगाले आलो. घर तुमचं बागेत, तथी नंतर येईन. आज इथंच ऐका." सगळ्यांसमोर, भर पायरीवर. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता तू अंदर जा. सांगतात थे नोको आयकू. पाह्य."

मी आत गेले. व्यवस्थापकांनी बँकेतल्या शिलकेचे कागद दाखवले तेवढ्यावर थांबले नाही. बँकेत स्वतः जाऊन विचारलं. सहायक निबंधकांच्या कार्यालयात जाऊन साहेब जेवून येईपर्यंत बाकावर बसले. परत आले तेव्हा बाबा त्याच पायरीवर खुर्ची टाकून बसलेले, आणि रांग त्यांच्याभोवती वळसा घालून उभी. मी दुसऱ्या खुर्चीवर चढले आणि जे पाहिलं ते, जसं पाहिलं तसं सांगितलं: कारभार सुरू आहे, बँकेत शिल्लक आहे, निबंधकांकडे तक्रार नाही. कुणीतरी ओरडलं, मग पैसे ठेवायचे की काढायचे ते सांगा! बाबा म्हणाले, "थे तुमचं तुमी ठरवा. तिनं पाह्यलं थे सांगतलं. पेपरचं काम तेवढंच."

मैनाबाई पुढे आल्या. "तू सोता पाह्यलं?"

"पाहिलं."

"डोयानं?"

"डोळ्यानं, मैनाबाई."

त्यांनी पासबुक कमरेला खोचलं. "मंग जातो बाप्पा. माह्या भाकरी राह्यल्या." त्या गेल्या आणि रांग सैल झाली. दुपारनंतर ज्यांना गणपतीसाठी तसेही पैसे काढायचे होते तेवढेच उरले. मी पायरीवर बसून सगळ्यांदेखत रडले. भीती वाटून नाही, सुटल्यासारखं वाटून.

आता तुझं. सकाळपासून मी तुला फोन लावत होते. तू उचलला नाहीस. तुझ्या पोर्टलवर पत्ता नाही, माणसाचं नाव नाही. लोकांनी भांडायचं तरी कुणाशी? आमच्याशी भांडता आलं, म्हणून तर त्यांनी शेवटी आमचं ऐकलं. आमची माफी मागून झाली. तुझी बाकी आहे.

दीपमाला


चांदूर बाजार, ९ सप्टेंबर २०२५

प्रीतम,

जय भीम. त्याच संध्याकाळी तू ती बातमी काढलीस आणि शालूवाली बाई त्यानंतर दिसली नाही. बरं वाटलं. फार नाही, थोडं.

इकडे वेगळंच चाललंय. रामराव घरी आले आणि वर्षभराची पहिल्या पानावरची जाहिरात देतो म्हणाले, पैसे आगाऊ. रक्कम लिहीत नाही, तुला चक्कर येईल. 'पांदण' त्यात सहज तरला असता. मी चेक ठेवून घेतला, चहा केला, त्यांना निरोप दिला आणि दुसऱ्या दिवशी बागेत जाऊन तो परत केला. कारण उद्या पुन्हा मी खुर्चीवर चढून 'मृगबहारमध्ये सगळं ठीक आहे' म्हटलं, तर लोक आधी पहिलं पान बघतील. रामरावांना राग आला. "मंग पडू द्या बंद! तत्त्वच खा तुमी, भाकर नोका खाऊ!" त्यांचंही काही चुकलं नाही. परत येताना मला मनापासून वाटलं की आपण गाढव आहोत.

पण त्या सोमवारपासून माझा फोन थंड झालेला नाही. ज्याला जे येईल ते तो मला पाठवतो आणि खाली लिहितो, 'ताई, हे खरं हाय का?' संत्र्याच्या बागेत शिरलेला बिबट्या. मंत्र्याच्या हुबेहूब आवाजात अनुदानाची घोषणा. फुकट स्कूटर. शाळेला सुट्टी. बिबट्यासाठी मी दोन गावं फिरले. तो बिबट्याही तुझ्या त्या बाईच्याच कुळातला निघाला, यंत्राच्या पोटचा. दिवसच्या दिवस यात जातात आणि पदरात दमडी पडत नाही.

परवा मैनाबाईंकडे जेवत होते. त्या भाकर वाढता वाढता म्हणाल्या, "हे पाहाचे पैसे घेतं का नाही कोनाले?"

"कशाचे पैसे?"

"डाक्टर नाडी पाह्यते त पैसे घेते. तू साऱ्या गावाची नाडी पाहून राह्यली, अन् फुकट? जाहिरातवाल्याचे नाही पाह्यजेत त नोको घेऊ. आमचे घे."

मी हसण्यावारी नेलं. बाबांनी नाही नेलं. दोन दिवसांनी ते एकदम अटी सांगायला लागले. वर्षाला तीनशे रुपये, सगळ्यांना सारखे. कुणाकडून जास्त घ्यायचे नाहीत. विचारणारा सभासद असला तरी उत्तर अंकात साऱ्या गावासाठी छापायचं. आणि सदराचं नाव 'जाऊन पाहू'.

पहिली पावती मैनाबाईंची. दुसऱ्या दिवशी रामराव फुरंगटून आले आणि दहा जणांची वर्गणी टेबलावर ठेवली. बाबांनी एक ठेवून बाकीची त्यांच्याकडे सरकवली. "एक मानूस, एक वर्गनी, रामराव. बाकीचे लोकं घेऊन या." रामराव तणतणत गेले आणि संध्याकाळी खरोखर जीपभर माणसं घेऊन आले.

तुला हसू येईल. आलं तर कळव.

ताई


चांदूर बाजार, २२ सप्टेंबर २०२५

प्रीतम,

जय भीम. आधी कामाचं लिहिते.

दसऱ्याचा अंक शेवटचा नाही. पुन्हा लिहिते, शेवटचा नाही. सभासद सातशेवर गेले. कृषी केंद्रवाले, शिक्षक, संत्र्याचे व्यापारी, बचत गटाच्या बाया. रिद्धपूरहून एक महंतही वर्गणी देऊन गेले आणि जाताना बिबट्याचं खरं काय ते विचारून गेले. छापखान्याचं भागतं, कागदाचं भागतं आणि महिन्याला एका माणसाचा बेताचा पगारही निघतो. काल मी कितीतरी दिवसांनी दुपारची झोपले.

आता दुसरं. आज रामरावांच्या जमुनाकाकू वर्गणी द्यायला आल्या. स्वतःची, वेगळी, नवऱ्याच्या पावतीवर मी काहून राहू, म्हणाल्या. पावती घेता घेता त्यांनी सहज सांगितलं, "तुहा भाऊ आला व्हता न वं परवा."

मी पेन खाली ठेवलं.

"आंगनात उभा राह्यला. म्हने काकू, माह्यानं चुकलं, काकांले सांगाले आलो. मी म्हनलं, चुकलं त चुकलं, आंधी बस, भाकर खा. मालक काही बोलले नाही त्याच्यासंग. पन ताटावर सोबत बसले."

माफी तोंडी. घरी जाऊन. तू नियम विसरला नव्हतास. मी जमुनाकाकूंसमोर तोंड फिरवून उगाच कपाट आवरायला लागले.

पण पुढे त्या म्हणाल्या, "मंग थो तुमच्या गल्लीच्या वयनापावतर आला. मी मांगं मांगं डबा घेऊन येत व्हती, त पाह्यलं. तथी उभा राह्यला, अन् माघारी फिरला."

प्रीतम, त्या वळणावरून आपलं दार दिसतं. बाबा त्या वेळी ओसरीतच बसलेले असतात. मला राग यायला हवा होता आणि मी त्याची वाटही पाहिली, पण आला नाही. तू इतक्या जवळ येऊन गेलास याचंच हायसं वाटलं. बाबांना हे अजून सांगितलेलं नाही.

तू टपालाने पाठवलेला खुलासा मिळाला. हाताने लिहिलास, बरं केलंस. दसऱ्याच्या अंकात घेते. शुद्धलेखन मात्र अजून तसंच आहे हो, यंत्राच्या नादाने तेही सुधारलं नाही.

तुझ्या यंत्राचंच काम आहे. रोजचे निरोप मला एकटीला आवरत नाहीत. एकच बिबट्या पन्नास जण पाठवतात. ते निरोप गोळा करणं, सारखे एकत्र लावणं, ज्यांना वाचता येत नाही त्यांना अंक वाचून दाखवणं, हे तुझं यंत्र करील का? बाई आली तरी चालेल, पण शालू नको आणि मनाचं जोडणं नको. जायचं आणि लिहायचं आपण. वर ज्या बेताच्या पगाराचं लिहिलं, त्या जागेवर मी अजून कुणाला घेतलेलं नाही.

ताई


अमरावती, १ ऑक्टोबर २०२५, छापखान्यातून

प्रीतम,

आज आधी ऐक, जय भीम शेवटी.

दसऱ्याचा अंक छापायला घेऊन आले आणि बाबाही हट्टाने सोबत आले. किती वर्षांनी त्यांनी छापखान्याची पायरी चढली! मशीनवाल्याने त्यांना पंख्याखाली बसवलं आणि पहिल्या पानाचं प्रूफ हातात दिलं. डावीकडे 'आमचं चुकलं' या चौकटीत तुझा खुलासा आहे, खाली पूर्ण नाव: प्रीतम देवमन खंडारे, जठारपेठ, अकोला. पत्त्यासकट.

बाबांनी लाल पेन मागितलं आणि तुझी 'क्षमस्व' ही शेवटची ओळ काढून टाकली. मला म्हणाले, "हे त्यानं रामरावच्या घरी जाऊन सांगतलं ना?"

मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं?

"रामरावनंच सांगतलं. वयनाचंबी ठाऊक हाय मले. त्या दिवशी चष्मा व्हता माह्या डोयावर."

म्हणजे त्यांनी तुला पाहिलं होतं, आणि इतके दिवस पोटात ठेवलं. दोघंही एकाच मातीचे. प्रूफ त्यांनी परत दिलं नाही. मांडीवर ठेवून त्या चौकटीकडे बघत बसले. मग म्हणाले, "प्रीतमची खोली कशी हाय?"

फेब्रुवारीपासून पहिल्यांदा तुझं नाव. मी जपून म्हटलं, जठारपेठ चांगली वस्ती आहे, खोलीही चांगली असेल.

"जेवते कुठी?"

"मेसमध्ये जेवत असेल."

"तब्येत?"

"बरी असेल की."

बाबा भडकले. मशीनवाल्याने वळून पाहिलं इतके. "असन, असन काय लावलं? आठ मयने झाले. कोनं जाऊन पाह्यलं?"

या वेळी माझ्याजवळ दाखवायला तुटकी चप्पल नव्हती. मी म्हटलं, "कुणीच नाही, बाबा."

"मंग पाह्य, अकोल्याची गाडी कितीले हाय."

चांदूरच्या एसटीत गठ्ठे चढवायला मशीनवाल्याला सांगितलंय. तिकडे मैनाबाई ते उतरवून घेतील, आणि वाटपाला रामरावांची जीप आहे. बाबा बाहेर बाकावर बसलेत, मांडीवर ओल्या शाईचा एकच अंक, पिशवीत मैनाबाईंच्या भाकरी. छपाई संपेपर्यंत मी हे लिहून घेतेय. पोस्टात टाकणार नाही. तुझ्या हातातच देईन, म्हणून पाकिटाला तिकीट नाही. तक्रार लेखी असते आणि माझ्याजवळ लिहिण्यासारखी तक्रार आता उरलेली नाही. बाकीचं समोर बसून बोलू.

तुझी खोली कितव्या मजल्यावर आहे, तेही मला ठाऊक नाही. वर असली तर खाली ये, बाबांना जिने चढवत नाहीत.

सप्रेम जय भीम.

तुझी ताई